डी म्हणजे देर, डी म्हणजे दार : अक्षरं कुठून आली आणि आल्बेनियनशी त्यांचं नातं काय?

पाटीपेन्सिल

आम्ही स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरला राहतो. समोरच्या दारातलं कुटुंब कोसोव्होचं, घरात आल्बेनियन बोलणारं. गेल्या रविवारी समोरचे काका चहाला आले होते (माझी मुलगी त्यांना काका म्हणते, म्हणून मीही). टेबलावर लेकीची अंकलिपी उघडी पडली होती. क कमळाचा, ख खडूचा. त्यांनी ती हातात घेतली, बराच वेळ पानं उलटली आणि मग कागद मागून घेतला.

कागदावर त्यांनी तीन रोमन अक्षरं काढली. डी काढून शेजारी दार काढलं. म्हणाले, 'आमच्यात दाराला देर म्हणतात. बघ, अक्षर दारासारखंच आहे.' मग एम. त्याची दोन शिखरं. डोंगराला आल्बेनियनमध्ये माल म्हणतात. मग जी. उघडं तोंड आणि आत जीभ. तोंडाला गोय. 'ग्रीकांनी अक्षरं आमच्याकडून घेतली,' ते म्हणाले. 'झ्यूस म्हणजे आमचा ज़ं, आवाज. अथेना म्हणजे ए थना, बोललेली. सगळं आमच्या भाषेत उलगडतं.'

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला तिथल्या तिथे नाही म्हणवेना. पण माहीत नसताना हो म्हणणंही बरोबर वाटलं नाही. आठवडाभर जमेल तितकं वाचलं. ते इथे मांडते, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

आज रोमन, ग्रीक, रशियन अशा ज्या लिप्या दिसतात त्यांच्या मुळाशी इजिप्तमधल्या सीनायच्या वाळवंटातली काही ओबडधोबड चित्रं आहेत. सेराबित अल-खादिम इथे इजिप्शियन लोकांच्या पिरोजाच्या (निळसर-हिरव्या रत्नाच्या) खाणी होत्या. १९०५ साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला तिथे दगडांवर वेगळीच अक्षरं सापडली. इजिप्शियन चित्रलिपीसारखी दिसणारी, पण चिन्हं मोजकीच. १९१६ मध्ये चित्रलिपीचा अभ्यासक ॲलन गार्डिनरने त्यातला एक पुन्हापुन्हा येणारा चार चिन्हांचा गट वाचला : बअलत, म्हणजे 'स्वामिनी', देवीचं नाव. युक्ती त्याला कळली ती अशी. घराचं चित्र, पण वाचायचं 'घर' नाही. सेमिटिक भाषेत घराला बेत म्हणतात, त्यातला फक्त पहिला 'ब' उचलायचा. डोळ्याचं चित्र, डोळ्याला अयिन, त्यातला पहिला घशातला ध्वनी. बैलाचं डोकं, बैलाला आलेफ. पाण्याच्या लाटा, मेम.

रोमन ए उलटा धरून बघा. दोन शिंगं वर आणि खाली निमुळतं तोंड. असा उलटा ए काढलेला कागद मी लेकीच्या हातात दिला तर ती लगेच 'मूऽ' म्हणाली.

ही अक्षरं पुढे फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या) व्यापाऱ्यांकडे आली आणि त्यांच्याकडून इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास ग्रीकांकडे. ग्रीकांनी नावंही तशीच ठेवली : आल्फा, बीटा, गामा, डेल्टा. ग्रीकमध्ये या शब्दांना काही अर्थ नाही. आल्फा म्हणजे ग्रीकमध्ये बैल नाही, बीटा म्हणजे घर नाही. हीच सगळ्यात मोठी खूण, कारण ज्या भाषेत नावांना अर्थ आहे तिथलीच ती असणार. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही ग्रीक अक्षरांना 'फिनिशियन अक्षरं' म्हणतात असं नोंदवलं आहे.

आता काकांची तीन अक्षरं. एम म्हणजे पाणी, डोंगर नव्हे. जी तर फार उशिरा आलं. रोमन लोक ग आणि क दोन्हींसाठी सी वापरायचे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सीला एक आडवी रेघ जोडून जी तयार केला गेला, आणि त्याचं श्रेय परंपरेने स्पुरियस कार्विलियस रूगा या शाळा चालवणाऱ्या माणसाला देतात. म्हणजे ती 'जीभ' रोममध्ये आली.

डी मात्र खरंच दाराचा. हिब्रूत देलेत म्हणजे दार, त्यावरून दालेत हे अक्षर. आल्बेनियन देर, मराठी दार, हिब्रू देलेत. मी इथेच अडकले आहे. हा निव्वळ योगायोग म्हणायचा का?

---

नाणेघाट

धागा वाचनखुणेत ठेवला. तुमच्या अडकण्याचं उत्तर देतो.

आल्बेनियन देर आणि मराठी दार हे खरे चुलतभाऊ आहेत. आपलं दार संस्कृत द्वारवरून आलं. इंग्रजी डोअर, ग्रीक थुरा, आल्बेनियन देर हे सगळे त्याच इंडो-युरोपीय मुळाचे. हिब्रू देलेत त्या घराण्यातला नाही. तिथे फक्त 'द' जुळला. म्हणून प्रश्न उलटा विचारा. डी देरवरून आला असं म्हणायचं तर तो दारवरून आला असंही तितक्याच ठामपणे म्हणता येईल. मग अक्षरांवर हक्क कोणाचा, आल्बेनियनचा की मराठीचा? जो पुरावा दोघांनाही सारखाच लागू पडतो तो कोणाच्याच कामाचा नाही.

झ्यूसचंही तसंच. झ्यूसची षष्ठी दिओस होते. ग्रीसमधल्या मायसीनीच्या काळातल्या (तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या) मातीच्या पाट्यांवर त्याचं रूप 'दि-वे' असं मिळतं. म्हणजे मुळात द आणि व. तो आपला वैदिक द्यौः, द्यौष्पितर्. रोमनांचा ज्युपिटर तोच. आपल्या 'दिवस' शब्दातही तोच धातू आहे. आता आल्बेनियन ज़ं. दक्षिणेत 'आवाज' हा शब्द ज़री असा होतो, उत्तरेत ज़ानी. दक्षिणेकडच्या बोलीत जुन्या न चा र झाला आहे, म्हणजे मूळ शब्दात न होता. तो न झ्यूसच्या 'दि-वे' या जुन्या रूपात नाही. नवा उच्चार घेऊन तीन हजार वर्षांपूर्वीचं नाव उघडायला गेलं की असं होतं.

---

कोकणकडा

थोडं वेगळं मत मांडतो. आल्बेनियन ही बाल्कनमधली फार जुनी भाषा आहे हे तर खरं ना? १८५४ साली योहान गेओर्ग फॉन हान या ऑस्ट्रियन वाणिज्यदूताने मोठा ग्रंथ लिहिला, त्यात आल्बेनियन लोकांचा संबंध ग्रीकांच्याही आधीच्या पेलास्गी लोकांशी जोडला. एल्बासान गावात चालणारी एक लिपी त्याने प्रसिद्ध केली आणि ती थेट फिनिशियनमधून आली असं म्हटलं. तो काही अडाणी माणूस नव्हता. शिवाय दंतकथेत फिनिशियन अक्षरं ग्रीसला आणणारा काद्मोस म्हातारपणी इलिरियातच (बाल्कनचा पश्चिम भाग, आजचा आल्बेनिया त्यातच येतो) जाऊन राहतो. लहान भाषांचं म्हणणं मोठ्या भाषांचे लोक सहज उडवून लावतात. आपण मराठी माणसांनी तरी तसं करू नये.

---

नाणेघाट

@कोकणकडा, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. आणि हानचं ऋण आल्बेनियन अभ्यासावर आहेच, ती लिपी त्याच्यामुळेच जगाला कळली. पण ती फिनिशियनमधून आल्याचं त्याचं मत टिकलं नाही. तिला तोद्री लिपी म्हणतात, ती अठराव्या शतकातली मानली जाते, एल्बासानच्या थेओधोर नावाच्या शिक्षकाशी तिचं नाव जोडलेलं आहे.

त्याच सुमारास, १८५४ मध्ये, बर्लिनमध्ये फ्रान्झ बॉपने आल्बेनियनवर निबंध वाचला. हा बॉप म्हणजे संस्कृतचा मोठा पंडित. आल्बेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा आहे हे त्याने व्याकरणाच्या आधारे मांडलं. ग्रीक जशी एक शाखा, तशी हीसुद्धा एक अख्खी शाखा, आणि त्या फांदीवर आज ही एकच भाषा जिवंत आहे. नाती थोडी ऐका : रात्र म्हणजे नात, वेदातला नक्त. साप म्हणजे ग्यार्पर, आपला सर्प. दात म्हणजे धंब (ध चा उच्चार इंग्रजी 'दिस'मधल्यासारखा), संस्कृत जम्भ. सहा ग्याश्त, सात श्तात, आठ तेत, दहा ध्येत. हे नातं नियमांनी सिद्ध होतं. शब्दाच्या सुरुवातीचा जुना स अनेकदा ग्य होतो, म्हणून सर्पचा ग्यार्पर आणि षष्‌चा ग्याश्त. समोरच्या काकांना हे दाखवा. त्यांच्या तीन चित्रांपेक्षा हे कितीतरी भक्कम आहे.

---

रेवदंडा

सहसा नुसती वाचते, आज राहवलं नाही. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आजी अलिबागजवळची, घरात मराठी आणि प्रार्थना हिब्रूत. तिने मला आलेफ बेत शिकवलं ते मराठीतूनच : 'आलेफ बैल, बेत घर, गिमेल उंट, दालेत दार.' ती नावं म्हणजे शब्दच आहेत हे मला कधी वेगळं शिकावं लागलं नाही.

तुमच्या धाग्यातली दोन अक्षरं आमच्या घरात रोजची आहेत. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, 'शमा इस्राएल' या ओळीत दोन अक्षरं मुद्दाम मोठी लिहितात. शमा या शब्दातला शेवटचा अयिन आणि एखाद या शब्दातला शेवटचा दालेत. म्हणजे डोळा आणि दार. तीच ओळ चामड्याच्या कागदावर लिहून मेझुझा नावाच्या छोट्या डबीत घालतात आणि मेझुझा दाराच्या चौकटीला लावतात. आजी आत येताना बोटं त्याला लावून ओठांना लावायची.

तो अयिन म्हणजे रोमन ओ बरं का. डोळ्याचं चित्र होता होता नुसतं वर्तुळ उरलं. अरबीतही अक्षराचं नाव ऐन, अर्थ डोळा, आणि 'तेच नेमकं, सारभूत' असाही. तिथूनच आपल्याकडे 'ऐन वेळी', 'ऐन उन्हाळ्यात' आलं.

---

अक्षरवेडी

@रेवदंडा, तुमची आजी थोर. ऐन वेळीमधला ऐन म्हणजे ओ हे आता विसरणार नाही.

मला दुसऱ्या बाजूने लिहायचं आहे. आल्बेनियन भाषेच्या लिपीची गोष्ट अक्षरांच्या जन्मात शोधायला गेलो की तिची खरी गोष्ट हातातून निसटते. ती आहे अक्षरं निवडण्याची.

सगळ्यात जुना तारीख असलेला आल्बेनियन मजकूर एक वाक्य आहे. ८ नोव्हेंबर १४६२. दुर्रेसचे आर्चबिशप पाल एंग्येली यांनी लॅटिन पत्रात ते घातलं. बाळ मरणाच्या दारात आहे आणि पाद्री जवळ नाही, तर आईबापांनी आपल्या भाषेत बाप्तिस्मा द्यायचा, तेव्हा म्हणायचं वाक्य : 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो.' त्यातला 'नावाने' हा शब्द 'प्रेमेनित' असा लिहिलाय. त्यातला एमेन म्हणजे आपलं नाम, नाव. पुस्तकासाठी नव्हे, राजासाठी नव्हे, बाळासाठी पहिली ओळ लिहिली गेली. मी हे वाचलं तेव्हा थांबून राहिले.

पहिलं छापील पुस्तक १५५५ चं, ग्योन बुझुकू या पाद्र्याने केलेला प्रार्थनाग्रंथ. शेवटी त्याने लिहिलंय की २० मार्च १५५४ ला सुरुवात केली आणि ५ जानेवारी १५५५ ला संपवलं, आपल्या लोकांवरच्या प्रेमापोटी केलं, पहिलंच काम आहे तेव्हा चुका सांभाळून घ्या. आज त्याची एकच प्रत उरली आहे, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, तीही सुरुवातीची पानं नसलेली. लॅटिन अक्षरांत न मावणाऱ्या आवाजांसाठी त्याने जादा चिन्हं घेतली होती.

पुढे तर घराघराची लिपी वेगळी. कॅथलिक लॅटिन अक्षरांत लिहिणार, ऑर्थोडॉक्स ग्रीक अक्षरांत, मुसलमान अरबी अक्षरांत. भाषा एक आणि शेजाऱ्याचं पत्र शेजाऱ्याला वाचता येत नाही. म्हणून काहींनी कोणत्याच धर्माची नसलेली लिपी घडवली. नाउम वेचिलहार्जी यांनी एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षं खपून स्वतंत्र अक्षरं तयार केली आणि १८४४ मध्ये त्यात बालपोथी छापली. काकांना सांगा, आल्बेनियन माणसाने घडवलेली अक्षरं हवी असतील तर ती ही. एल्बासान लिपी (ही तोद्रीहून वेगळी) २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली, वेचिलहार्जींची २०२१ मध्ये, तोद्री २०२४ मध्ये.

मग १४ ते २२ नोव्हेंबर १९०८, मोनास्तिरची परिषद (आजचं उत्तर मॅसिडोनियातलं बितोला). अध्यक्ष मिदहत फ्राशरी, मुसलमान. लिपी समितीचे प्रमुख ग्येर्ग्य फिश्ता, कॅथलिक पाद्री आणि कवी. कोर्चा इथल्या मुलींच्या शाळेशी जोडलेली पराश्क्येवी क्यिरियाझी ही प्रॉटेस्टंट शिक्षिकाही तिथे होती, परिषदेतली एकटी बाई. एकीकडे सामी फ्राशरींची १८७९ ची इस्तंबुल लिपी, एका आवाजाला एक अक्षर, पण काही अक्षरं खास ओतून घ्यावी लागणारी. दुसरीकडे निव्वळ लॅटिन, युरोपातल्या कुठल्याही छापखान्याच्या खिळ्यांत बसणारी, जोडअक्षरं वापरणारी. दोन्ही ठेवल्या, आणि काही वर्षांत दुसरीच उरली. त्याचं कारण माझ्या मते खिळे. छापखान्यात जे मिळतं तेच टिकतं. आपल्या मोडीने हे सोसलं आहे.

---

साळगावकर_वाट

गोव्यातून. कॅथलिक रोमी, हिंदू देवनागरी, तिकडे मंगळुरात कन्नड, केरळात मल्याळम, आणि नवायतांकडे फारसी-अरबी वळणाची. कोंकणीच्या पाच लिप्या. त्यामुळे 'शेजाऱ्याचं पत्र शेजाऱ्याला वाचता येत नाही' हे वाचून पोटात काहीतरी झालं. माझ्या आजोबांच्या गावात हेच होतं. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी आली, पण रोमीत लिहिणाऱ्यांची खंत अजून आहे.

आणखी एक. थॉमस स्टीफन्स यांनी मराठीतलं क्रिस्तपुराण राशोलला छापलं ते १६१६ मध्ये, रोमन अक्षरांत. आल्बेनियनमध्ये प्येतर बुदी यांची पुस्तकं रोममध्ये १६१८ पासून छापली गेली. दोन वर्षांचं अंतर. दोन कॅथलिक पाद्री, दोन भाषा, आणि दोघांसमोर प्रश्न तोच : हा आवाज या अक्षरांत बसवायचा कसा?

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं छापून काकांकडे घेऊन गेले होते. काल संध्याकाळी दोन तास बसलो.

आधी एक भाषेची गंमत सांगते, मराठी माणसाला ती पटकन कळेल. आपण चाकातला च आणि चहातला च वेगळे बोलतो पण एकच लिहितो. परक्याला शिकवताना तारांबळ उडते. आल्बेनियनमध्ये दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत : नुसता सी म्हणजे चाकातला च, शेपटीवाला सी म्हणजे चहातला. ज चंही तेच, जाळ्यातला ज वेगळा आणि जिवातला वेगळा. अक्षरं म्हणतानाही ते बी, सी म्हणत नाहीत. ईवर दोन टिंबं दिलेलं त्यांचं एक अक्षर आहे, त्याचा उच्चार आपल्या अ सारखा, आणि तो लावून ब, च, द असंच म्हणतात. एकूण ३६ अक्षरं. माझी लेक आणि त्यांची लेक दोघी मिळून 'ब, च, च' ओरडत होत्या, पहिला चाकातला, दुसरा चहातला.

मग मी भीत भीतच विचारलं, डी म्हणजे देर हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बाईंनी. १९९१ नंतर सर्बियन सत्तेखालच्या कोसोव्होत आल्बेनियन मुलांना अनेक शाळांच्या इमारती बंद झाल्या, तेव्हा लोकांनी आपापल्या घरांत वर्ग भरवले. ते अशाच एका घरात पहिलीला होते. बाकं नव्हती, मुलं सतरंजीवर. बाईंनी फळ्यावर डी काढला आणि खोलीच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. 'देर.' दार वाजलं की सगळ्यांनी वह्या अंगाखाली घ्यायच्या हे आधीच सांगितलेलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अक्षर शिकवताना आपण सगळेच हे करतो. क कमळाचा म्हणतो, पण क कमळातून आलेला नसतो. सीनायमध्ये चित्रातून आवाज काढला, अंकलिपीत आवाजासाठी चित्र शोधतात. वाट तीच, फक्त चालायची दिशा उलटी. बाईंनी शिकवायला दिलेलं चित्र काकांच्या मनात इतकं खोल बसलं की ते त्यांना अक्षराचं मूळ वाटू लागलं.

मी त्यांना आलेफचा बैल दाखवला, सर्प आणि ग्यार्पर दाखवला. सहा, सात, आठ दोघांनी बोटांवर म्हटले. ते म्हणाले, 'झ्यूसचं राहू दे. हे मात्र मुलीला शिकवतो.' १४६२ चं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. 'प्रेमेनित'पाशी थांबले आणि म्हणाले, आम्ही आजही जवळजवळ असंच म्हणतो.

@कोकणकडा, तुमचं म्हणणं मनात ठेवूनच बोलले. त्यांना एकदाही 'चूक' हा शब्द वापरला नाही.

---

कोकणकडा

वाचलं. एल्बासानच्या लिपीबद्दलचा मुद्दा मागे घेतो, झ्यूसच्या बाबतीतलं न आणि र चंही पटलं. सतरंजीवरच्या वर्गाबद्दल लिहिलंत त्याबद्दल विशेष आभार.

---

अक्षरवेडी

@पाटीपेन्सिल, एकच विचारायचं होतं. काकांकडे 'लिहिणं'ला काय शब्द आहे? मी वाचलं ते श्क्रुआय, लॅटिन स्क्रीबेरेवरून आलेला. आपला 'लिपी' शब्दसुद्धा जुन्या फारसीतल्या 'दिपी'वरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात 'दिपि' असंच कोरलं आहे.

---

पाटीपेन्सिल

हो, श्क्रुआय. आणि ऐका, उठताना त्यांची लेक शाळेची वही शोधत होती. काका म्हणाले, माझे आजोबा वहीला देफ्तेर म्हणायचे, तुर्की काळातला शब्द, आता कोणी फारसं म्हणत नाही. मी माझ्या लेकीला हाक मारली आणि म्हटलं, तुझं दप्तर आण गं. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, 'परत म्हण.'